आजाराचे नाव आणि कामाची क्षमता: ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ प्रकरणाचा अभ्यास

मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 1997 मध्ये दिलेल्या एका निकालपत्राच्या शीर्षावर दोन्ही पक्षकारांपैकी कोणाचेही खरे नाव नाही. दाद मागणारा कामगार तेथे ‘एमएक्स’ आहे आणि त्याला काम नाकारणारे महामंडळ ‘झेडवाय’ आहे. आजारपणाच्या कारणावरून रोजगार संपवण्याच्या प्रश्नावर भारतात जे निकाल झाले, त्यांत हा निकाल मला सर्वांत जास्त वेळ थांबून वाचण्याजोगा वाटतो, कारण ज्याला आजारी ठरवून दूर केले गेले, तो कामगार काम करण्याइतका धडधाकट होता. त्याच्या रक्तात एक विषाणू सापडला होता, आणि त्या विषाणूचे नाव ऐकल्यावर त्याच्या हातापायांत किती बळ आहे हे पाहण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

प्रकरणाची हकीकत अशी. झेडवाय हे केंद्र सरकारच्या नियंत्रणाखालील सार्वजनिक क्षेत्रातील महामंडळ होते. एमएक्स तेथे नैमित्तिक कामगार होता, म्हणजे कामगारांच्या बोलीत ज्याला नुसते ‘कॅज्युअल’ म्हणतात तो. अशा कामगाराचे नाव एका यादीवर, पॅनलवर, असते. काम निघाले की त्याला बोलावले जाते, केलेल्या दिवसांचे पैसे मिळतात, आणि कायम कामगारांच्या जागा रिकाम्या झाल्या की यादीतील क्रमानुसार त्याची पाळी येते. या पाळीची वाट पाहत कॅज्युअल कामगार वर्षानुवर्षे काढतो. घर, मुलांची शाळा, गावाकडे पाठवायचे पैसे, सगळे हिशेब ‘कायम झाल्यावर’ या एका शब्दप्रयोगावर टांगलेले असतात. एमएक्सची पाळी आली तेव्हा नियमाप्रमाणे वैद्यकीय तपासणी झाली. तीत एचआयव्हीसाठीची एलायझा चाचणीही होती आणि तिच्यात संसर्ग असल्याचे दिसून आले. त्याखेरीज त्याच्या प्रकृतीत काम करण्याच्या आड येईल असा दोष आढळला नाही. एरवी तो कामास योग्यच होता. तरीही महामंडळाने त्याला कायम करणे तर दूरच, त्याचे नाव पॅनलवरूनही काढले, आणि आजवर मिळणारे रोजाचे कामही बंद झाले.

या शेवटच्या वाक्यातच या प्रकरणाची पहिली अडचण आहे. बडतर्फी, सेवामुक्ती आणि कपात यांसाठी कामगार कायद्यात वेगवेगळ्या तरतुदी आहेत, प्रत्येकीची वेगळी कार्यपद्धती आहे, आणि त्या कार्यपद्धतीत कामगाराला थोडीफार उसंत मिळते. कॅज्युअल कामगाराला मात्र काढावे लागतच नाही. त्याला बोलावले नाही की झाले. आरोपपत्र नसते, चौकशी नसते, ज्यावर तारीख आणि सही आहे असा कागद अनेकदा नसतोच. म्हणून ‘आम्ही याला नोकरीवरून काढलेले नाही, केवळ पुढे घेतलेले नाही’ असा बचाव मालकाला सहज उपलब्ध असतो. एमएक्सच्या बाबतीत न्यायालयापुढे प्रश्न ज्या रूपात आला ते रूप म्हणूनच महत्त्वाचे आहे. प्रश्न असा होता की, जो माणूस आपले काम करू शकतो आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना धोका नाही, त्याला केवळ तो एचआयव्हीबाधित आहे एवढ्यावरून सरकारी महामंडळ काम नाकारू शकते काय. काढणे, न घेणे आणि यादीतून नाव खोडणे यांतील फरकावर रेंगाळण्याची गरज या मांडणीमुळे उरली नाही.

कायद्यातील दोन शब्द

आजारपण आणि नोकरी यांच्या संबंधाविषयी त्या काळी लागू असलेला मुख्य कायदा म्हणजे औद्योगिक विवाद अधिनियम, 1947. त्यातील कपातीची व्याख्या फार व्यापक होती: शिक्षा म्हणून केलेली सेवासमाप्ती वगळता, मालकाने कोणत्याही कारणास्तव कामगाराची सेवा संपवली तर ती कपात होय. ज्याने एका वर्षात 240 दिवस काम भरले आहे अशा कामगाराची कपात करायची तर कलम 25 एफ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागे. परंतु याच व्याख्येच्या शेवटी काही अपवाद होते, आणि त्यांतला एक अपवाद ‘सततच्या अनारोग्यामुळे’ केलेल्या सेवासमाप्तीचा होता. याचा व्यावहारिक अर्थ कठोर होता. कारखान्यात माल खपत नाही म्हणून धडधाकट कामगाराला घरी पाठवले तर त्याला भरपाई मिळे. कामगार आजारी पडून कामाच्या लायकीचा उरला नाही म्हणून पाठवले तर ती मिळत नसे. ज्याला पैशांची गरज अधिक, त्याचा हक्क कमी, अशी ही रचना होती. उपदान प्रदान अधिनियम, 1972 याने येथे थोडी माणुसकी दाखवली होती: मृत्यू किंवा अपंगत्व यांमुळे सेवा संपली तर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांच्या सलग सेवेची अट लागू होत नसे.

‘सतत’ आणि ‘अनारोग्य’ या दोन शब्दांवर पुष्कळ काही अवलंबून होते, आणि त्यांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने आनंद बिहारी विरुद्ध राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळ या प्रकरणात स्पष्ट केला. तेथे एसटीच्या चालकांची दृष्टी वर्षानुवर्षांच्या ड्रायव्हिंगनंतर अधू झाली होती आणि महामंडळाने त्यांची सेवा संपवली होती. न्यायालयाने सांगितले की अनारोग्य हा शब्द सापेक्ष अर्थाने घ्यायचा असतो; कोणताही आजार म्हणजे अनारोग्य नव्हे, तर त्या पदाचे नेहमीचे काम नीट पार पाडण्यात अडथळा आणणारा आजार म्हणजे या कलमातील अनारोग्य. डोळ्यांचा दोष कारकुनाला चालेल, पण प्रवाशांनी भरलेली बस चालवणाऱ्याला चालणार नाही, म्हणून ते प्रकरण अपवादात बसले आणि कपातीची भरपाई त्या चालकांना लागू झाली नाही. मात्र न्यायालय तेथे थांबले नाही. ज्यांनी महामंडळाच्या सेवेत आपली नजर झिजवली, त्यांना रिकाम्या हाताने घरी पाठवणे अन्यायाचे आहे, असे म्हणून न्यायालयाने त्यांच्यासाठी प्रथम पर्यायी काम शोधण्याचा आणि ते नसेल तर निवृत्तीच्या लाभांखेरीज सेवाकाळानुसार जादा भरपाई देण्याचा मार्ग आखून दिला.

हा निकाल एमएक्सच्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचला की एमएक्सवर झालेला अन्याय अधिक ठळक दिसतो. चालकांच्या बाबतीत महामंडळाने निदान दृष्टी तपासली आणि त्या दृष्टीचा त्यांच्या कामाशी संबंध जोडला. एमएक्सच्या बाबतीत रक्ताच्या चाचणीचा निकाल आणि तो करत असलेले अंगमेहनतीचे काम यांच्यात संबंध जोडण्याचा प्रयत्नच नव्हता.

काळ कसा होता

आजच्या वाचकाला त्या भीतीची कल्पना करावी लागेल. भारतात एचआयव्हीच्या संसर्गाची पहिली प्रकरणे 1986 मध्ये तत्कालीन मद्रासमध्ये उघड झाली. गोव्यात 1989 मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाने केलेल्या रक्तदानानंतर त्याला संसर्ग असल्याचे समजले, आणि पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन म्हापशातील एका वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस एकटे ठेवले. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातील पीठापुढे याचिका केली. परंतु न्यायालयाने सार्वजनिक आरोग्याच्या कारणासाठी विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. डॉमिनिक सुटला तरी त्याची नोकरी गेली आणि 1992 मध्ये त्याचे निधन झाले. त्याच न्यायालयाने काही वर्षांनी एमएक्सला न्याय दिला. या दोन निकालांमध्ये विषाणू बदलला नव्हता. त्याच्याविषयीचे वैद्यकीय ज्ञान वाढले होते, आणि ते ज्ञान न्यायालयापुढे चिकाटीने मांडणारे लोक उभे राहिले होते. एमएक्सची बाजू लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेच्या आनंद ग्रोव्हर यांनी मांडली.

या काळात उपचारही जवळजवळ नव्हते. अनेक औषधांचा एकत्रित उपचार 1996 च्या सुमारास जगात प्रचलित होऊ लागला, पण त्याची किंमत रोजंदारीवरील माणसाच्या कल्पनेपलीकडची होती; भारत सरकारने मोफत उपचार देण्यास सुरुवात केली ती 1 एप्रिल 2004 पासून, आणि ज्या मोजक्या रुग्णालयांत तो आरंभी मिळू लागला त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालयही होते. म्हणजे एमएक्सला काम नाकारले गेले तेव्हा त्याला औषधाची आशा नव्हती. त्याच्याकडे होती ती काही वर्षांची कार्यक्षम मुदत, कारण संसर्ग झाल्यापासून एड्सची लक्षणे दिसेपर्यंत उपचारांविनाही बहुधा आठ-दहा वर्षे जातात. नेमकी हीच मुदत त्याच्याकडून हिरावली जात होती.

खऱ्या नावाविना दाद

हक्क मिळवायचा तर न्यायालयात जावे लागते, आणि न्यायालयात जायचे तर नाव सांगावे लागते. कारणसूचीवर ते छापले जाते, निकालपत्रात ते कायमचे राहते, वर्तमानपत्रे ते उचलतात. एचआयव्हीबाधित माणसासाठी ही पहिलीच पायरी बंद होण्यासारखी होती, कारण चाळीत किंवा वस्तीत नाव पोहोचले तर नोकरी परत मिळूनही घर, शेजार आणि मुलांची शाळा गमवावी लागली असती. उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्याला खऱ्या नावाऐवजी सांकेतिक नावाने दाद मागू दिली, आणि कामगाराची ओळख उलगडू नये म्हणून महामंडळाचेही नाव झाकले. ही परवानगी निकालाच्या गाभ्याइतकीच मोलाची होती असे माझे मत आहे. ती मिळाली नसती तर पुढचा युक्तिवाद ऐकायला न्यायालयापुढे कोणी आलेच नसते, आणि ज्या संस्थांनी नंतर या निकालामुळे आपले नियम तपासले त्यांना ते तपासण्याचे कारणही मिळाले नसते.

महामंडळाची भूमिका आणि न्यायालयाचे उत्तर

महामंडळाच्या बाजूचा आधार त्याचा स्वतःचा नियम होता: नोकरीत घेताना आणि नोकरीत ठेवताना माणूस वैद्यकीयदृष्ट्या योग्य असला पाहिजे, आणि एचआयव्हीबाधित माणूस योग्य नाही. त्यामागचा विचार असा की हा माणूस आज काम करत असला तरी उद्या आजारी पडणार, वारंवार रजेवर जाणार, त्याच्या उपचारांचा आणि नंतर कुटुंबाला द्यावयाच्या लाभांचा भार महामंडळावर येणार, आणि कायम केल्यापासून निवृत्तीपर्यंतची सेवा तो देऊ शकणार नाही. हा युक्तिवाद वरवर पाहता हिशेबी वाटतो, म्हणूनच त्याचे उत्तर सविस्तर द्यावे लागते.

न्यायमूर्ती टिपणीस आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने नियमाच्या हेतूपासून सुरुवात केली. वैद्यकीय योग्यतेची अट ठेवण्याचा हक्क मालकाला आहे, हे खंडपीठाने मान्य केले. पण ती अट कशासाठी आहे? कामगाराला आपले काम करता यावे आणि त्याच्यापासून इतरांच्या जिवाला वा मालमत्तेला धोका होऊ नये, यासाठी. ही दोन कारणे सोडून तिसरे कारण त्या अटीत नाही. मग ज्याला काम करता येते आणि ज्याच्यापासून धोका नाही, त्याला त्याच अटीखाली दूर करणे म्हणजे अटीच्या हेतूशी संबंध नसलेले वर्गीकरण करणे होय. राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 खाली वर्गीकरण करताना वर्गांमधला फरक समजण्याजोगा असावा लागतो, आणि त्या फरकाचा नियमाच्या उद्दिष्टाशी तर्कसंगत संबंध असावा लागतो. सर्व एचआयव्हीबाधितांना, त्यांची शारीरिक स्थिती काहीही असो, एकाच गोणीत भरणारा नियम या दुसऱ्या कसोटीवर टिकला नाही. अनुच्छेद 21 खाली तो टिकला नाही, कारण जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे ओल्गा टेलिस प्रकरणात, म्हणजे मुंबईच्याच पदपथवासीयांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सांगितले होते, आणि उपजीविका काढून घेणारी कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असावी लागते. एका चाचणीच्या कागदावरून, माणसाकडे न पाहता, त्याची रोजीरोटी थांबवणे हे यांपैकी काहीच नव्हते.

भविष्यातील आजाराच्या युक्तिवादावर खंडपीठाची भाषा कडक झाली. नेमणुकीपासून निवृत्तीपर्यंत माणूस सेवा देईलच याची खात्री पटल्याशिवाय त्याला कामावर घेणार नाही, ही भूमिका सरकारने आणि सरकारी महामंडळांनी घेणे निष्ठुर आणि अमानुष आहे, असा निकालाचा आशय आहे. संसर्ग झालेल्या माणसाला आर्थिक मरणाच्या हवाली करणे राज्यघटनेला मान्य नाही आणि समाजाच्या हिताचेही नाही, हेही खंडपीठाने स्पष्ट केले. बाधित व्यक्ती, मालक आणि समाज या तिघांच्या हितांचा तोल साधावा लागतो. या उत्तरात मी एक गोष्ट जोडेन. निवृत्तीपर्यंतची हमी कोणताही कामगार देत नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची शक्यता अंगात घेऊनच माणसे कायम होतात, आणि कोणतेही महामंडळ त्यांच्याकडून आयुष्याचा जामीन मागत नाही. एचआयव्हीबाधिताकडून तो मागितला गेला याचे कारण वैद्यकशास्त्रात नव्हते. आजाराच्या नावाला चिकटलेल्या नैतिक निवाड्यात होते.

खंडपीठाने महामंडळाला एमएक्सचे नाव कॅज्युअल कामगारांच्या पॅनलवर परत घेण्यास सांगितले आणि मधल्या काळात बुडालेल्या रोजगारापोटी 40,000 रुपये देण्याचा आदेश दिला. रक्कम मोठी वाटत नाही. परंतु कॅज्युअल कामगाराला, ज्याच्या प्रत्येक न बोलावलेल्या दिवसाचा हिशेब एरवी कोणी ठेवत नाही, बुडालेल्या दिवसांचा मोबदला मिळाला, ही त्या रकमेतील खरी गोष्ट आहे.

निकाल काय म्हणत नाही

या निकालाचा उल्लेख कधीकधी असा केला जातो की जणू आजारी कामगाराला आता काढताच येत नाही. तसे निकालात नाही, आणि तसे समजून चालणारा कामगार फसेल. जो माणूस आपल्या कामाची आवश्यक कर्तव्ये पार पाडू शकत नाही, किंवा ज्याच्यापासून कामाच्या ठिकाणी खराखुरा आणि लक्षणीय धोका आहे, त्याची सेवा संपवण्याचा मालकाचा अधिकार शाबूत राहिला. बदलले ते एवढेच की हा निर्णय आजाराच्या नावावरून घेता येणार नाही; प्रत्येक माणसाची, त्याच्या विशिष्ट कामाच्या संदर्भात, त्या वेळच्या वैद्यकीय ज्ञानाच्या आधारे तपासणी करूनच घ्यावा लागेल. सूतगिरणीतील क्षयरोगी, रसायनाच्या कारखान्यातील दम्याचा रुग्ण, क्रेन चालवणारा अपस्माराचा रुग्ण, या प्रत्येकाचे उत्तर वेगळे निघू शकते, आणि तेच रास्त आहे.

दुसरी मर्यादा अधिक त्रासदायक आहे. एमएक्स जिंकला तो मूलभूत हक्कांच्या बळावर, आणि मूलभूत हक्क मागता येतात ते अनुच्छेद 12 मधील ‘राज्य’ या संज्ञेत बसणाऱ्या संस्थांकडून. भोसरीच्या वर्कशॉपमधील किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावरील कामगार खासगी मालकाविरुद्ध अनुच्छेद 14 घेऊन उच्च न्यायालयात जाऊ शकत नाही. त्याला कामगार कायद्यांचाच आधार. महाराष्ट्रात त्यासाठी वापरात आलेले प्रभावी साधन म्हणजे कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित श्रमप्रथांना प्रतिबंध करणारा 1971 चा राज्य अधिनियम, ज्याच्या चौथ्या अनुसूचीत सद्भावनेने न केलेली, उघड खोट्या कारणावरून केलेली किंवा नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून केलेली सेवासमाप्ती ही अनुचित प्रथा ठरवली आहे, आणि जिची तक्रार 90 दिवसांत करावी लागते. हे 90 दिवस आजारी माणसासाठी फार भराभर संपतात. तो रुग्णालयात असतो, घरचे त्याच्या अंथरुणाशी असतात, आणि ‘बरा झालो की बघू’ म्हणेपर्यंत मुदत उलटून गेलेली असते.

राज्य कामगार विमा योजनेखाली येणाऱ्या कामगारासाठी 1948 च्या विमा अधिनियमाच्या कलम 73 ने आणखी एक कुंपण घातले होते: कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना, किंवा आजारावर उपचार घेत असताना, त्याला बडतर्फ करायचे नाही, कमी करायचे नाही, आणि तशी नोटीस त्या काळात दिली तरी ती अवैध. पण या कुंपणातही फट होती. सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये बकिंगहॅम अँड कर्नाटिक कंपनीच्या प्रकरणात असे धरले की, सलग ठरावीक दिवस गैरहजर राहिल्यास सेवा आपोआप संपते असे स्थायी आदेश, म्हणजे आस्थापनेचे सेवानियम, असतील, तर त्यानुसार झालेली समाप्ती या कलमाच्या कक्षेत येत नाही. आजारी कामगाराला आजारासाठी काढायचे नाही, ‘न कळवता गैरहजर’ म्हणून नाव कमी करायचे, ही युक्ती या फटीतून फोफावली. तिला मोठा पायबंद बसला तो 1993 मध्ये, डी. के. यादव विरुद्ध जेएमए इंडस्ट्रीज या निकालाने, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा आपोआप समाप्तीच्या आदेशातही नैसर्गिक न्यायाची तत्त्वे अध्याहृत आहेत आणि कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याची उपजीविका थांबवता येत नाही, असे सांगितले. मला तरी आजारपणाच्या प्रत्येक प्रकरणात हा निकाल एमएक्सच्या निकालाचा जुळा भाऊ वाटतो. एक सांगतो की काय तपासायचे. दुसरा सांगतो की तपासताना माणसाला समोर बसवायचे.

दोन दशकांनंतर कायद्यात उतरलेले

एमएक्सच्या निकालातील तत्त्व पुढे मुंबई उच्च न्यायालयाने इतर प्रकरणांतही वापरले. खासगी मालकांपर्यंत ते पोहोचायला मात्र संसदेची वाट पाहावी लागली. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम 2017 मध्ये संमत झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्याचे कलम 3 सरकारी आणि खासगी असा भेद करत नाही. नोकरी नाकारणे, नोकरी संपवणे, नोकरीत अन्यायकारक वागणूक देणे हे सर्व भेदभावाच्या व्याख्येत येते, आणि नोकरी देण्याआधीची अट म्हणून एचआयव्हीची चाचणी घेण्यासही मनाई आहे. जी चाचणी एमएक्सच्या सगळ्या हकीकतीच्या मुळाशी होती, ती चाचणीच आता मालकाला मागता येत नाही.

नोकरी संपवायचीच असेल तर मालकाने कामगाराला दोन कागद दिले पाहिजेत, असे हे कलम सांगते. पहिला, स्वतंत्र आणि पात्र आरोग्यसेवा देणाऱ्या व्यक्तीने केलेल्या लेखी मूल्यमापनाची प्रत, ज्यात हा माणूस कामाच्या ठिकाणी संसर्गाचा लक्षणीय धोका आहे किंवा कामाची कर्तव्ये करण्यास अयोग्य आहे, असे नोंदवलेले असेल. दुसरा, त्याच्या स्थितीनुसार कामात वाजवी फेरबदल करून का देता येत नाही, त्यात प्रशासकीय किंवा आर्थिक अडचण नेमकी कोणती आणि किती, याचे मालकाचे लेखी निवेदन. हे कागद न देता केलेली समाप्ती भेदभाव ठरते. 1997 मध्ये खंडपीठाने जे तर्काने उभे केले, ते येथे कारकुनालाही पाळता येईल अशा दोन कागदांत बसवले आहे, आणि या मांडणीचे मला विशेष वाटते, कारण कामगाराचा बहुतेक अन्याय तत्त्वाच्या अभावी होत नाही, कागदाच्या अभावी होतो. त्याच अधिनियमाचे कलम 34 न्यायालयांना पक्षकाराची ओळख झाकून, सांकेतिक नावाने, गरज पडल्यास बंद दालनात सुनावणी घेण्याची मुभा देते. एमएक्सला जी परवानगी विनंती करून मिळवावी लागली, ती आता कायद्याच्या पुस्तकात आहे.

मात्र हे संरक्षण एका आजारापुरते आहे. क्षयरोग, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग किंवा मानसिक आजार असलेल्या खासगी कामगाराला सेवासमाप्तीपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मूल्यमापनाची लेखी प्रत देणे मालकावर अशा नेमक्या शब्दांत बंधनकारक नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या अधिनियमातील कलम 20 सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढण्यास वा त्याचा हुद्दा कमी करण्यास मनाई करते, समान वेतनाच्या दुसऱ्या पदावर त्याला सामावून घेण्यास सांगते, पण ते सरकारी आस्थापनांपुरते. खासगी कारखान्यातील डायलिसिसवर असलेल्या मशिन ऑपरेटरसाठी एवढा स्पष्ट शब्द कोठेही नाही. 2017 च्या कायद्यातील दोन कागदांची अट सर्व दीर्घ आजारांना आणि सर्व मालकांना लागू व्हावी, असे मला ठामपणे वाटते. तिच्यामुळे मालकाचा एकही न्याय्य अधिकार जात नाही, कारण ज्याला खरोखर काम जमत नाही त्याच्याविषयी डॉक्टर तसे लिहीलच.

आणि कॅज्युअल कामगाराचा प्रश्न तर तेथेच उरतो जेथे एमएक्सच्या वेळी होता. दोन कागदांची अट लागू होते ती ‘समाप्ती’ झाल्यावर. ज्याला उद्यापासून फाटकावर ‘आज काम नाही’ एवढेच सांगितले जाईल, त्याची समाप्ती कोणत्या तारखेला झाली? ठेकेदार म्हणेल मी काढले नाही, कंपनी म्हणेल तो आमचा माणूस नाही, आणि आजाराचा उल्लेख कोणत्याही कागदावर सापडणार नाही. अशा माणसाच्या हाती उरते ते एवढेच: हजेरीपत्रकाची किंवा फाटकावरील नोंदीची छायाचित्रे, बँकेत जमा झालेल्या मजुरीच्या नोंदी, विमा योजनेचे आणि भविष्य निर्वाह निधीचे क्रमांक, आजारानंतर दिलेले काम करण्यास योग्य असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि ते प्रमाणपत्र जोडून ‘मी कामावर हजर होण्यास तयार आहे, मला काम द्यावे’ असे लिहून पोचपावतीसह टपालाने मालकाला आणि ठेकेदाराला पाठवलेले पत्र. त्या पत्राला उत्तर आले नाही तरी त्यावर टपालखात्याचा शिक्का आणि तारीख असते, आणि न बोलावण्याला मिळालेली ती पहिली तारीख असते.